टॅग लावलेले शार्क नकाशावर कसे पाहायचे, आणि समुद्रात उतरण्याआधी त्यातून काय घ्यायचं

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बाबा मालवणहून आमच्याकडे बॉस्टनला आले होते. शनिवारी केप कॉडला, म्हणजे बॉस्टनच्या दक्षिणेला समुद्रात शिरलेल्या भूभागावर, जायचं ठरलं. सकाळी चहा उकळत असताना मी फोनवर शार्कचा नकाशा उघडला. तिथल्या वेलफ्लीट गावाच्या आसपास एकही ठिपका दिसला नाही, म्हणून घरात सगळ्यांना सांगून टाकलं, "आज तिकडे काही नाही, बिनधास्त पोहा." दुपारी मुलगी कमरेएवढ्या पाण्यात होती आणि जीवरक्षकाची लांब शिट्टी वाजली. पाच मिनिटांत सगळा किनारा पाण्याबाहेर. ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या मुलीला धरून मी वाळूवर उभी होते, आणि हातातला नकाशा सकाळइतकाच रिकामा होता.

नकाशात काही चूक नव्हती. तो नेमका कशाचा नकाशा आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी हे सगळं नीट समजून घेतलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नव्याने राहायला आलेल्या, मुलांना किंवा आईबाबांना घेऊन समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला हे आधी कळायला हवं, म्हणून क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं केप कॉडची आहेत, कारण मला तोच किनारा माहीत आहे. ग्रेट व्हाइट शार्कही तिथे खरोखर येतात. २०१५ ते २०१८ या चार वर्षांत केप कॉडच्या पाण्यात सुमारे ८०० वेगवेगळे व्हाइट शार्क येऊन गेले, असा संशोधकांचा अंदाज आहे.

१. आधी टॅगचा प्रकार समजून घ्या

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. "शार्कला टॅग लावला आहे" म्हटलं की आपल्याला वाटतं, गाडीला जीपीएस असतो तसं काहीतरी असेल आणि शार्क या क्षणी कुठे आहे ते दिसेल. तसं नसतं. जीपीएस असो वा इतर कुठलीही रेडिओ लहर, समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून ती जवळजवळ जातच नाही. म्हणून तीन वेगळ्या युक्त्या वापरतात.

पहिला उपग्रहाचा टॅग. हा शार्कच्या पाठीवरच्या तिकोनी परावर बसवतात. तळहातात मावेल एवढी डबी असते आणि तिच्यातून एक बारीक अँटेना वर निघालेली असते. पर पाण्याबाहेर आला की टॅग आकाशात संदेश सोडतो, आणि डोक्यावरून त्या वेळी आर्गोस यंत्रणेचा उपग्रह जात असेल तर तो संदेश पकडतो. ही यंत्रणा १९७८ पासून चालू आहे. जागा कशी काढतात तेही ऐकण्यासारखं आहे. रेल्वेच्या फाटकाशी उभं असताना गाडी जवळ येते तेव्हा शिटी चढी ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की उतरते, तसंच उपग्रह पुढे सरकतो तशी टॅगच्या संदेशाची वारंवारता बदलते. त्या बदलावरून टॅग कुठे असेल ते मोजतात. त्यासाठी उपग्रह डोक्यावर असताना लागोपाठ काही संदेश मिळावे लागतात. शार्कने पर एकदाच वर काढला आणि तो खाली गेला, तर हिशेब जुळत नाही.

दुसरा ध्वनीचा टॅग. हा उपग्रहाशी बोलत नाही. ठरावीक वेळाने पाण्यात बारीक आवाज सोडत राहतो, तो आपल्या कानाला ऐकू येत नाही. समुद्रात ठिकठिकाणी बोयांना, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपांना, किंवा तळाशी रिसीव्हर बांधलेले असतात. शार्क त्यांच्यापासून काहीशे मीटरच्या आत आला, तर त्याचा नंबर नोंदला जातो. या टॅगची बॅटरी दहा वर्षांपर्यंत चालते. यातली खोच लक्षात ठेवा. बरेचसे रिसीव्हर नोंद फक्त साठवून ठेवतात आणि कोणीतरी होडी घेऊन जाऊन ते वर काढल्यावरच ती वाचता येते. मोजकेच रिसीव्हर असे असतात की जे नोंद झाल्याबरोबर किनाऱ्यावर कळवतात.

तिसरा सुटून वर येणारा टॅग. हा काही महिने खोली, तापमान आणि उजेड टिपत राहतो, मग आपोआप सुटून पाण्यावर तरंगतो आणि साठवलेली माहिती उपग्रहाला पाठवतो. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून जागेचा अंदाज बांधतात, त्यात शंभर किलोमीटरचाही फरक पडू शकतो. अभ्यासाला मोलाचा, पण आज पोहायला जायचं की नाही हे ठरवायला निरुपयोगी.

टॅग लावण्याच्या पद्धतीही दोन आहेत. ओसर्च ही संस्था शार्कला गळाला लावून आपल्या जहाजाच्या उचलत्या फळीवर घेते, त्याच्या कल्ल्यांतून पाण्याचा पाइप चालू ठेवते आणि पंधरा-वीस मिनिटांत टॅग बसवून, रक्ताचे नमुने घेऊन परत सोडते. मॅसेच्युसेट्स राज्याचे शास्त्रज्ञ ग्रेग स्कोमल यांच्या चमूची पद्धत वेगळी. वर छोटं विमान घिरट्या घालत शार्क शोधतं, आणि होडीच्या पुढे काढलेल्या अरुंद फळीवर उभं राहून लांब काठीने पोहत्या शार्कला टॅग टोचतात. २००९ पासून त्यांनी ३०० हून अधिक व्हाइट शार्कना टॅग लावले आहेत. मला स्वतःला शार्कला पाण्यातच ठेवणारी दुसरी पद्धत पटते. पण ज्या नकाशामुळे माझ्या मुलीला शार्क आवडायला लागले, तो पहिल्या पद्धतीतून आला, हेही खरं.

२. ट्रॅकर उघडा आणि एकच शार्क निवडा

ओसर्चचा ट्रॅकर संकेतस्थळावर आणि फोनच्या ॲपमध्ये फुकट बघता येतो. उघडल्याबरोबर नकाशाभर ठिपके दिसतात आणि नवा माणूस गांगरतो. तेव्हा गाळणी वापरा. आधी जात निवडा, म्हणजे व्हाइट शार्क, टायगर शार्क वगैरे. मग नर-मादी किंवा वय. शेवटी एकाच शार्कवर बोट ठेवा. त्याचं नाव, लांबी, वजन, टॅग कधी आणि कुठे लावला, आतापर्यंतचं अंतर आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटचा संदेश कधी आला, ते सगळं उघडतं.

कुठून सुरुवात करायची असं विचाराल, तर मी जुन्या शार्कच्या गोष्टींपासून करायला सांगेन. मेरी ली नावाच्या मादीला २०१२ च्या सप्टेंबरमध्ये केप कॉडजवळ टॅग लावला. ओसर्चचे संस्थापक ख्रिस फिशर यांनी तिला स्वतःच्या आईचं नाव दिलं. साधारण सोळा फूट लांब आणि दीड टनाहून जड अशा या मादीने २०१७ च्या जूनपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं, संदेश पाठवले. शेवटचा न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळून आला. त्यानंतर ती गप्प झाली. ती मेली असा याचा अर्थ नाही. टॅगची बॅटरी साधारण तेवढीच चालते, शिवाय अँटेना मोडते, टॅगवर शेवाळ चढतं.

दुसरी नुकुमी. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ हिला टॅग लावला. लांबी १७ फूट २ इंच, वजन सुमारे १,६०० किलो. तिथल्या मिग्माक लोकांच्या कथांमध्ये नुकुमी ही शहाणी आजी आहे, तिचं नाव हिला दिलं. पुढच्या वर्षी ही आजी अटलांटिकच्या मधोमध असलेली समुद्राखालची पर्वतरांग ओलांडून पूर्वेकडे निघून गेली. मुलांना हे दाखवताना मागे पृथ्वीगोल ठेवा. एका बोटाने नोव्हा स्कोशिया धरा आणि दुसऱ्याने महासागराचा मध्य. अंतर किती आहे ते मग सांगावं लागत नाही.

बाबांनी हा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाजवळ नेऊन विचारलं होतं, "ह्या टिपक्यात मोरी आसा?" मोरी म्हणजे मालवणीत शार्क. मालवणच्या बाजारात टोपलीत दोन-अडीच फुटांची मोरी पाहिलेल्या माणसाला एका मोरीचं वजन दीड टन असतं, हे पटवायला मला बराच वेळ लागला. मग मात्र त्यांनी स्वतःच ॲप उतरवून घेतलं.

३. ठिपका वाचायला शिका

इथे चार सापळे आहेत. मी चारहींत अडकले होते.

तारीख न बघणं हा पहिला. ठिपका म्हणजे शार्क शेवटचा कुठे सापडला ती जागा. तो संदेश वीस मिनिटांपूर्वीचा असेल किंवा आठ महिन्यांपूर्वीचा. दोन्ही ठिपके नकाशावर शेजारी शेजारी बसतात. कुठलाही ठिपका बघून घाबरण्याआधी किंवा निश्चिंत होण्याआधी त्याच्यावर दाबून तारीख वाचा.

दुसरा, ठिपका अगदी अचूक आहे असं धरणं. आर्गोसने काढलेली उत्तम प्रतीची जागा अडीचशे मीटरच्या आत बरोबर असते. हलक्या प्रतीची दीड किलोमीटरहूनही जास्त चुकू शकते. काही संदेशांना तर कुठलीच हमी नसते. म्हणून "शार्क आपल्या हॉटेलसमोर आहे" असे स्क्रीनशॉट कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्याने फक्त आजी-आजोबांची झोप उडते.

तिसरा, ठिपक्यांना जोडणारी रेषा हाच शार्कचा रस्ता मानणं. संगणक फक्त दोन जागा सरळ रेषेने जोडतो. मधल्या काळात शार्क कुठे गेला, किती खोल गेला, हे त्या रेषेला माहीत नसतं. म्हणून कधी कधी रेषा चक्क जमिनीवरून गेलेली दिसते. २०२२ मध्ये ब्रेटन नावाच्या नराच्या रेषांतून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत शार्कसारखीच आकृती उमटली आणि ती जगभर फिरली. पाहायला फार छान, पण तो रेषा जोडण्याचा योगायोग.

"झेड पिंग" असं लिहिलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ असा की टॅग पाण्यावर आला, उपग्रहाला संदेशही गेला, पण जागा काढण्याइतके संदेश मिळाले नाहीत. शार्क हयात आहे, कुठे आहे ते माहीत नाही. अशा संदेशाला नकाशावर नवी जागा मिळत नाही.

आता चौथा. सगळ्यात मोठा आणि माझ्या घरावर आला तो. नकाशावर ठिपका नाही म्हणजे पाण्यात शार्क नाही, असं मानणं. ज्यांना टॅग लावलेलाच नाही असे शार्क खूप आहेत. ज्यांना लावला आहे त्यांच्यातल्या बहुतेकांचा टॅग ध्वनीचा, तो या उपग्रहाच्या नकाशावर येतच नाही. आणि उपग्रहाचा टॅग असलेला शार्क किनाऱ्यालगत सील शोधत तासन्‌तास पर वर न काढता फिरू शकतो. त्या शनिवारी वेलफ्लीटला जो शार्क दिसला, तो माझ्या नकाशावर येण्याची शक्यता जवळजवळ शून्य होती.

४. किनाऱ्यासाठी वेगळं ॲप घ्या

ओसर्चचा ट्रॅकर शार्कच्या आयुष्याबद्दल सांगतो. आजच्या दुपारसाठी केप कॉडला शार्कटिव्हिटी हे ॲप आहे. चॅटहॅम गावातल्या अटलांटिक व्हाइट शार्क कन्झर्व्हन्सी या संस्थेने ते २०१६ मध्ये काढलं. त्यात तीन तऱ्हेच्या नोंदी येतात. खात्री झालेलं दर्शन, खात्री न झालेलं दर्शन आणि बोयाने टिपलेला टॅगवाला शार्क. ॲप उतरवल्यावर दोन गोष्टी लगेच करा. सूचना चालू करा आणि ॲपला तुमचं ठिकाण वापरायची परवानगी द्या. हे केलं नाही तर ॲप फोनमध्ये असून नसल्यासारखं.

खात्री न झालेली नोंद म्हणजे बहुधा कोणीतरी लांबून पाहिलेला पर. तो कधी सनफिश नावाचा मोठा मासा निघतो, कधी सीलची शेपटी. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, पण तेवढ्यासाठी सहल रद्दही करू नका. खात्री झालेली नोंद विमानातून, ड्रोनवरून किंवा फोटोवरून तपासलेली असते. ती तुमच्या किनाऱ्याजवळची आणि ताजी असेल तर पाण्याबाहेर या. जीवरक्षकाने सांगायची वाट पाहू नका.

५. निघण्याआधी सोबत काय घ्याल

- दोन्ही ॲप उतरवलेला, पूर्ण चार्ज केलेला फोन. बाहेरच्या, म्हणजे खुल्या अटलांटिककडच्या, किनाऱ्यांवर वाळूच्या उंच कड्यांखाली बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. म्हणून गाडी लावलेल्या जागीच नोंदी बघून घ्या.
- दुर्बीण. साधी, स्वस्तातली चालेल. सील शोधायला हिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.
- पोलराइज्ड काचांचा गॉगल. पाण्यावरची चकाकी कमी होऊन खालचं दिसतं.
- टूर्निकेट, म्हणजे जखमेच्या वर घट्ट आवळून रक्त थांबवायचा पट्टा, आणि तो बांधण्याचा सराव. 'स्टॉप द ब्लीड' नावाचं छोटं प्रशिक्षण अनेक गावांत मिळतं. ते घरातल्या एका तरी माणसाने घ्यावं.
- पार्किंगची सोय. गावांच्या ताब्यातल्या कित्येक किनाऱ्यांवर तिथल्या रहिवाशांचं स्टिकर लागतं. केप कॉड नॅशनल सीशोरच्या किनाऱ्यांवर दिवसाचं शुल्क भरता येतं, आणि राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तो चालतो.
- पाहुण्यांच्या प्रवासी विम्याचा कागद आणि पासपोर्टचा फोटो, दोन्ही फोनमध्ये. भारतातून आलेल्या आईबाबांना कुठल्याही कारणाने दवाखान्यात न्यावं लागलं, तर पहिला प्रश्न याचाच येतो.

६. किनाऱ्यावर पोचल्यावर आधी समुद्राकडे बघा

टॉवेल पसरण्याआधी दहा मिनिटं पाणी बघा. फोन खिशात ठेवा.

पहिली गोष्ट, सील. व्हाइट शार्क केप कॉडला माणसांसाठी येत नाही, राखाडी सीलसाठी येतो. या सीलची एकेकाळी बक्षीस लावून शिकार व्हायची आणि ते जवळजवळ दिसेनासे झाले होते. १९७२ च्या कायद्याने सागरी सस्तन प्राण्यांना संरक्षण मिळालं, सील परत आले, आणि त्यांच्यामागून शार्क आले. सील पाण्यात उभा असताना फक्त डोकं वर असतं. काळपट, ओलं, गोल. बाबांना पहिल्या दिवशी वाटलं होतं की भरतीबरोबर नारळ वाहत आलेत. "एवढे नारळ हयसर खयसून?" असं ते म्हणतात तोवर त्यातल्या एका नारळाने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. असे नारळ पोहण्याच्या जागेजवळ दिसले तर आत जाऊ नका. सील जवळ आहेत म्हणजे पाणी सुरक्षित आहे, असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे. तो साफ चुकीचा आहे.

दुसरी गोष्ट, खोली. टॅगवाल्या शार्कच्या अभ्यासातून असं दिसलं की केप कॉडला आलेले व्हाइट शार्क जवळपास निम्मा वेळ पंधरा फुटांहून कमी खोल पाण्यात काढतात. बाहेरच्या किनाऱ्यावर वाळूचे दांडे असतात आणि काठ व दांडा यांच्यामध्ये खोल घळ असते. ओहोटीला दांडा उघडा पडल्यासारखा दिसतो आणि मुलं चालत तिकडे निघतात. त्यांना थांबवा. परत येताना तीच घळ ओलांडावी लागते, आणि शार्कला फिरायला तेवढी खोली पुरते. कंबरेपर्यंतच राहा, एकटं जाऊ नका, पहाटे, तिन्हीसांजेला आणि गढूळ पाण्यात उतरू नका. चमकणारे दागिने काढून ठेवा. आमच्या घरात आईच्या सोन्याच्या बांगड्यांवरून यावर बरीच चर्चा झाली. शेवटी आईने पाय भिजवण्यावरच समाधान मानलं.

तिसरी गोष्ट, झेंडा. जांभळ्या झेंड्यावर पांढरी शार्कची आकृती असली, तर या पाण्यात शार्क असतात असा त्याचा अर्थ. मोसमात बाहेरच्या किनाऱ्यांवर तो बहुतेक वेळा फडकतच असतो, म्हणून लोकांची नजर मरते. रोज दिसतो म्हणून तो खोटा ठरत नाही. शार्क जवळ दिसला की जीवरक्षक शिट्टी वाजवून पाणी रिकामं करतात आणि साधारण तासभर कोणाला उतरू देत नाहीत. त्या तासात त्यांच्याशी हुज्जत घालणारी माणसं मी पाहिली आहेत. मुलांच्या देखत असं करू नका.

आणि हे कोणी सहसा सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. बहुतेक किनाऱ्यांवरचे जीवरक्षक सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुमारास, मोसम संपला म्हणून निघून जातात. शार्कचा मोसम मात्र ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत भरात असतो. त्याच दिवसांत पाणी सुखद असतं, गर्दी ओसरते, हॉटेलं स्वस्त होतात आणि आपल्यासारखी मंडळी गणपती-नवरात्रीच्या आसपास लांब शनिवार-रविवार बघून तिकडे जातात. १५ सप्टेंबर २०१८ रोजी वेलफ्लीटच्या न्यूकम हॉलो किनाऱ्यावर एका तरुणाचा शार्कच्या चाव्याने मृत्यू झाला. तो बूगीबोर्डवर, म्हणजे लाटांवर पोटावर झोपून सरकायच्या फळीवर, होता आणि काठापासून फार लांब गेलेला नव्हता. मॅसेच्युसेट्समध्ये १९३६ नंतर असा मृत्यू झाला नव्हता. तेव्हा लेबर डेनंतर बाहेरच्या किनाऱ्यावर जाल तर वाळूत बसा, सील बघा, पाय ओले करा. पोहायचंच असेल तर आतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर जा. हिमयुगातल्या बर्फाचे प्रचंड तुकडे वितळून ती बनली आहेत. ब्रूस्टरच्या निकरसन स्टेट पार्कमध्ये अशी सुंदर तळी आहेत. केप कॉडच्या उपसागराकडची बाजू शांत दिसते, पण तिथेही शार्कच्या नोंदी होतात. ती बाजू म्हणजे तळं नव्हे.

भीतीला मापात ठेवायलाही आकडे लागतात. फ्लोरिडा विद्यापीठात जगभरच्या शार्कच्या चाव्यांची नोंदवही ठेवतात. माणसाने न डिवचता झालेले चावे २०२३ मध्ये सगळ्या जगात ६९ होते. २०२४ मध्ये ४७. वर्षभरात समुद्रात उतरणाऱ्या कोट्यवधी माणसांपुढे हे किती, ते बघा.

७. वेळ आलीच तर

हा भाग एकदा मोठ्याने घरात वाचून दाखवा.

शार्क दिसला तर आरडाओरडा आणि पाणी उडवणं टाळा. त्याच्याकडे तोंड ठेवून, शांतपणे पण न थांबता काठाकडे या. चावा झालाच तर माणसाला लाटांच्या वर ओढून घ्या आणि पहिल्यांदा रक्त थांबवा. हातापायाची जखम असेल तर तिच्या वरच्या, धडाकडच्या बाजूला टूर्निकेट बांधा. टूर्निकेट नसेल तर टॉवेल जखमेवर दाबून धरा आणि दाब सोडू नका. दुसऱ्याने ९११ ला फोन करावा. २०१८ नंतर अनेक किनाऱ्यांवर रक्त थांबवण्याच्या साहित्याच्या पेट्या बसवल्या आहेत, काही ठिकाणी मदत मागायचे फोनही आहेत. पोचल्या पोचल्या ते कुठे आहेत ते शोधा, आणि मुलांनाही दाखवून ठेवा.

८. तुम्हाला दिसलं तर कळवा

शार्कटिव्हिटीत कोणीही नोंद करू शकतं. फोटो जोडला तर खात्री करणं सोपं जातं. काठावर वाहून आलेला टॅग सापडला तर आठवण म्हणून घरी नेऊ नका. त्यावर संपर्क लिहिलेला असतो. सुटून तरंगलेल्या टॅगमध्ये उपग्रहाला पाठवता येते त्याहून कितीतरी जास्त माहिती साठलेली असते, आणि ती तो हातात मिळाल्यावरच पूर्ण वाचता येते.

ऑस्ट्रेलियातल्या मंडळींसाठी दोन ओळी

सिडनीकडे राहत असाल तर न्यू साउथ वेल्स सरकारचं शार्कस्मार्ट ॲप घ्या. तिथल्या किनाऱ्यांवर ध्वनी टिपणारी केंद्रं आहेत. टॅगवाला व्हाइट, बुल किंवा टायगर शार्क त्यांच्या जवळून गेला की फोनवर सूचना येते. पर्थकडे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची याच नावाची वेगळी सोय आहे. टॅग नसलेल्या शार्कबद्दल दोन्ही गप्प राहतात. सिडनी हार्बरमध्ये उन्हाळ्यापासून शरदापर्यंत पाणी कोमट असताना बुल शार्क येतात. तिकडचा उन्हाळा डिसेंबरपासून सुरू होतो, हे भारतातून सुट्टीला येणाऱ्यांना आधी सांगा.

हिवाळ्यात काय करायचं

नोव्हेंबरनंतर केप कॉडचे शार्क दक्षिणेला निघतात. कॅरोलिना, जॉर्जिया, फ्लोरिडा, काही तर वळसा घालून मेक्सिकोच्या आखातात. मे-जूनपासून परतू लागतात. ट्रॅकर बघायला हे महिने सगळ्यात चांगले, कारण तेव्हा ठिपके खरोखर हलतात. एक वही करा. एक शार्क निवडा. दर रविवारी तारीख, जागा आणि शेवटचा संदेश एवढंच लिहा. मुलीच्या वहीत गेल्या डिसेंबरच्या पानावर तिच्या अक्षरात आहे: "झेड पिंग. आहे, पण कुठे ते नाही माहीत." त्याखाली बाबांनी मालवणहून व्हिडिओ कॉलवर सांगितलेलं तिने जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे, "थंडी वाजता म्हणान खाली गेला असात."